ठेवणीतलं कार्ड

ग्राफिक्स कार्ड किती वर्षं टिकतं, हा प्रश्न माझ्या नवऱ्याने मुकेशला पहिल्या अर्ध्या तासात सात वेळा विचारला. मी मोजत होते. नर्सची नोकरी केलेल्या बाईला मोजायची सवय असते, आणि प्रेमदास नावाच्या माणसाशी चौतीस वर्षं संसार केलेल्या बाईला सोसायची. पूर्वी मी त्यांचं नाव घेत नसे. दोघंही निवृत्त झाल्यापासून घेते, कारण दिवसभर घरात असलेल्या माणसाला ‘अहो’ म्हणून हाक मारत राहिलं तर दमायला होतं.

“काका, टिकते म्हणजे काय?” मुकेशने शेवटी विचारलं. पुलगाव स्टेशनजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पोरगा हुशार, पण तोंडाने फटकळ. “जळालं नाई तं दहा वर्षंही टिकते. पण दहा वर्षांनं ते कामाचं राहीन का, हे मी नाई सांगू शकत. गेमा दरसाल जड होऊन राह्यल्या.”

“जळालं नाई म्हणजे टिकलं,” प्रेमदास म्हणाले.

“तसं नसते न काका.”

“मग कसं असते?”

मुकेशने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे वळला. “गेम कोण खेळते घरी? नातू?”

“हे खेळते,” असं म्हणून त्यांनी अंगठा माझ्याकडे केला.

मुकेशने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पिकलेले केस, जाड चष्मा, सुती साडी, हातात भाजीची पिशवी. “काकू?”

“ट्रक चालवते मी,” मी म्हटलं. “अठरा चाकी. तुले काई अडचण?”

त्याला अडचण नव्हती. उलट तो एकदम खुर्चीत पुढे सरकून बसला आणि मला कामाचे प्रश्न विचारू लागला. जुन्या कार्डात मेमरी किती? दोन जीबी. मशीन कधीची? अंकित इंजिनिअरिंगला होता तेव्हाची, म्हणजे नऊ वर्षं झाली. चित्र अडकतं का? अडकतं. कधी अडकतं? वळणावर, गावात शिरताना, पाऊस दाखवतात तेव्हा. मुकेश मान हलवत राहिला, अगदी आमच्या दवाखान्यातले डॉक्टर पेशंटची हकिकत ऐकताना हलवायचे तशी. मग म्हणाला, “उद्या अख्खा डबा घेऊन या. आतला पॉवर सप्लाय कितीचा हाये, हे पाह्यल्याबिगर कार्ड सांगत नाई मी. जुनं बिल असन तं तेही आणजा.”

आता हे ट्रकचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर साठीची बाई पोरासोरांचा खेळ कशाला खेळते म्हणाल.

करोनाच्या वर्षी मी नोकरीत होते. वॉर्डातून घरी यायचे तेव्हा डोक्यात काय काय असायचं, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, आणि आता इथेही सांगणार नाही. अंकित, आमचा एकुलता एक, तेव्हा घरीच अडकला होता. एका संध्याकाळी अंघोळ करून मी नुसतीच भिंतीकडे बघत बसले होते. त्याने माझा हात धरला, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, “आई, काई करू नको. हा बाण दाबून ठेव. गाडी सरळ जाऊ दे.” समोर एक लांबच लांब रिकामा रस्ता होता. दोन्ही बाजूंना शेतं, वर ढग. कोणी खोकत नव्हतं, कोणी हाक मारत नव्हतं. मी तासभर गाडी चालवली आणि त्या रात्री तीन आठवड्यांत पहिल्यांदा झोपले.

पुढच्या वर्षी त्याला हैदराबादला नोकरी लागली. तिथे त्याने स्वतःची नवी मशीन घेतली आणि ही जुनी मला दिली. दर रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही दोघं आपापल्या ट्रकमध्ये बसायचो. तो पुढे, मी मागे. कानात त्याचा आवाज. फोनवर आमचं बोलणं म्हणजे “जेवला का?”, “जेवलो”, “ठेवू?”, “ठेव”. पण गाडी चालवताना हा पोरगा बोलायचा. साहेब कसा खडूस आहे, खोलीवरचा मित्र कसा घोरतो, एक मुलगी आवडली होती ती कशी दुसऱ्याशी लग्न करून गेली, सगळं. समोरासमोर बसून हे त्याने मला कधी सांगितलं नसतं. दोघांचे डोळे रस्त्यावर असले की आईशीही बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

मग खेळ जड होत गेला आणि माझी मशीन अडकायला लागली. चित्र सेकंदभर गोठायचं, आणि सुटायचं तेव्हा माझा ट्रक दुभाजकावर चढलेला असायचा. अंकित पुढे कुठेतरी थांबून राहायचा. “ये आई, सावकाश ये.” मला लाज वाटायची. तरणा पोरगा, त्याची सुट्टी, आणि तो म्हातारीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभा. मग मी अर्ध्या तासातच म्हणायला लागले, “चल रे, मले काम आहे.” नंतर तो म्हणायला लागला, “या रविवारी नाई जमत आई.” भांडण नाही, काही नाही. दोन वर्षं झाली, आम्ही एकत्र गाडी काढलेली नाही. उरलं काय, तर “जेवला का” आणि “ठेवू”.

मागच्या दिवाळीत तो चार दिवस आला होता. कॉम्प्युटरवर प्रेमदासांनी शिवलेलं फुलाफुलांचं झाकण होतं, त्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि नजर फिरवली. जेवताना सहज बोलून गेला, “त्या गेममधी डोंगरातले नवे रस्ते आलेत, लय भारी आहेत.” बस, एवढंच. मी त्या दिवशी मनाशी ठरवलं. मशीन अशी करायची की पुन्हा अडकणार नाही, आणि मगच त्याला म्हणायचं, चल, डोंगरात जाऊ. आधी विचारायचं नाही. आधी विचारलं, तो हो म्हणाला आणि पुन्हा माझा ट्रक दुभाजकावर चढला, तर परत मी कोणत्या तोंडाने विचारणार? तेव्हापासून मी मोबाइलवर कार्डांचे व्हिडिओ बघत होते. आठ महिन्यांत मला इतकं कळलं की आमच्या महिला मंडळात आता कोणी माझ्याशेजारी बसत नाही.

तर बिल. मुकेशकडून परत आल्यावर प्रेमदास सवयीप्रमाणे संध्याकाळी विहारात गेले आणि मी बिल शोधायला त्यांचं कपाट उघडलं.

या कपाटाबद्दल दोन शब्द सांगते. प्रेमदास लष्कराच्या दारूगोळा डेपोत, भांडारात होते. तिथलं ते कधी काही बोलले नाहीत. आतली गोष्ट बाहेर काढायची नाही हे त्यांच्या हाडात मुरलंय. पण नोकरीतली एक गोष्ट ते घरी घेऊन आले, ती म्हणजे प्रत्येक वस्तूवर आल्याची तारीख लिहायची आणि आधी आलेली आधी वापरायची. जुनी संपल्याशिवाय नवी काढायची नाही. वासाचा साबण घरात आणला तरी तो रांगेत बसतो, आणि त्याचा नंबर लागेपर्यंत वास उडून जातो. चौतीस वर्षांत मी एकदाही नव्या साबणाने अंघोळ केलेली नाही. आमच्याकडे सगळंच ठेवणीतलं. चादरी ठेवणीतल्या, कप ठेवणीतले, माझ्या निवृत्तीला मिळालेलं घड्याळ ठेवणीतलं. मी हसून सोडून द्यायचे. माणूस निर्व्यसनी आहे, हात उचलत नाही, पोळ्या लाटतो. साबणावरून काय भांडायचं?

बिल वरच्या खणात मिळालं. ते काढताना मागचं खोकं हललं. ट्रकच्या मागे रंगवलेल्या पाट्यांसारखं भडक रंगाचं, नवंकोरं, सील न फोडलेलं. आठ महिने व्हिडिओ बघितलेल्या बाईला ते खोकं कशाचं हे ओळखायला चष्मा पुसावा लागला नाही. ग्राफिक्स कार्ड होतं. चार जीबीचं. वर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली, आणि त्यावर प्रेमदासांचं ते मोत्यासारखं अक्षर: ‘प्राप्त: ऑक्टोबर २०२१. राखीव. जुने निकामी झाल्यावर काढणे.’

आधी मला वाटलं, यांनी कधीतरी घेऊन ठेवलं असेल. मग खालची बाजू बघितली. कुरिअरचा कागद तसाच होता. पाठवणार अंकित, हैदराबाद. आणि त्याच्याखाली पेनाने, घाईघाईच्या अक्षरात: ‘आईसाठी. वाढदिवस.’

मी कपाटासमोर खाली फरशीवर बसले. 

प्रेमदास आले तेव्हा मी तिथेच होते. खोकं मांडीवर.

“अजी, हे काय होय?”

त्यांनी चपला काढल्या, कोपऱ्यात नीट जुळवून ठेवल्या, मग बघितलं. “कार्ड होय.”

“ते दिसते मले. कोणासाठी आलतं?”

“तुह्यासाठीच.”

“मग मले काऊन नाई सांगतलं?”

“त्यानं म्हटलं होतं आईले सांगू नका, गुपचूप बसवून द्या. अचानक दिसलं पाह्यजे म्हणे तिले.” ते इतक्या सरळपणे सांगत होते की मला अजूनच राग आला. “मी म्हटलं, जुनं चालू आहे. चालू मालावर नवा माल कायले चढवायचा? जुनं बंद पडलं की बसवू, तवा अचानक दिसनच.”

“अडकत होतं न ते! दर रविवारी अडकत होतं!”

“अडकत होतं. बंद थोडीच पडलं होतं?”

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. आवाज चढला होता एवढं खरं, कारण शेजारच्या विमलाबाईंनी खिडकी लावून घेतली. मी म्हटलं, तुम्ही त्याला काय सांगितलं? ते म्हणाले, “सांगतलं न, मिळालं बाबा, बरोबर आहे. खोटं नाई बोललो.” मी म्हटलं, आणि तो समजला की बसवलं. त्यांनी मान खाली घातली. “हाव. तसंच समजला असन.”

तेव्हा मला सगळी संगती एकदम लागली. नव्याच नोकरीतल्या पोराने, ज्या वर्षी ही कार्डं बाजारात औषधालाही मिळत नव्हती त्या वर्षी, कुठून कुठून शोधून आईसाठी कार्ड पाठवलं. आणि आईने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. आवडलं नाही, नको होतं, आभार नाहीत, काहीच नाही. वर, त्याच्या लेखी त्याच नव्या कार्डावर बसून ती म्हणते, “अडकून राह्यलं रे, चल, मले काम आहे.” त्या पोराला काय वाटलं असेल? आईला कंटाळा आला आणि तिला तोंडावर सांगवत नाही, याशिवाय दुसरं काय वाटणार? तोही विचारणार नाही. बापावर गेलाय, आतली गोष्ट बाहेर काढायची नाही.

“माहे रविवार होते ते,” मी म्हटलं.  “साबण नव्हता तो, की नंतर वापरला तं चालते.”

 प्रेमदास माझ्याजवळ फरशीवर बसले. गुडघ्यांचा त्रास असल्याने ते गेली पाच वर्षं खाली बसत नाहीत. बराच वेळ बसून राहिले. मग उठताना माझ्याच खांद्याचा आधार घ्यावा लागला, आणि मी तो दिला, कारण राग असला तरी माणसाला पडू देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑटोत मशीनचा डबा मांडीवर घेऊन आम्ही मुकेशकडे गेलो. खोकंही नेलं. मुकेशने सील फोडलं, कार्ड उलटसुलट बघितलं आणि शीळ घातली. “नवंकोरं! कुठं होतं हे?”

“कपाटात,” प्रेमदास म्हणाले.

“तवाच बसवलं असतं न काका, तं तीन-चार वर्षं मस्त चाललं असतं. आता चार जीबीत काय होते?” त्याने ते बसवून चालू करून दाखवलं. जुना नकाशा झकास चालला. मग डोंगरातले नवे रस्ते लावले आणि पहिल्याच वळणावर चित्र गोठलं. “पाह्यलं? कार्डात काई खराबी नाई. दुनिया समोर गेली. आणि वॉरंटी तीन वर्षांची होती, तेही कपाटातच संपली.”

“वॉरंटीची तारीख...” प्रेमदासांनी खोकं हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. “आतल्या कागदावर हाये. सील नाई फोडलं म्हणून दिसली नाई मले.” सगळ्या घराच्या तारखा लिहिणारा हा माणूस, आणि नेमकी ही तारीख त्याने वाचली नव्हती.  मला वाटलं होतं की त्यांची अशी फजिती झालेली बघून मला बरं वाटेल. नाही वाटलं.

मग नवं कार्ड निवडायला बसलो. मुकेशने आधीच सांगून टाकलं की सगळ्यात मोठं कार्ड घालण्यात अर्थ नाही. आमचा प्रोसेसर म्हातारा, त्याला ते ओढवणार नाही. “तरण्या बैलासंग म्हातारा जुंपला तं बंडी म्हाताऱ्याच्याच चालीनं चालते काका.” पॉवर सप्लाय बदलावाच लागणार होता. उरली दोन कार्डं. एक आठ जीबीचं, पण चपळ. आज लावलं तर चित्र पाण्यासारखं वाहील. दुसरं सोळा जीबीचं, चालीला जरा मंद, पण उद्याचे खेळ कितीही जड झाले तरी त्याच्या पोटात मावतील.

“आठवालं घे,” प्रेमदास म्हणाले. “आज जे चांगलं चालते ते घे. पुढचं पुढं पाहू.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. प्रायश्चित्त चाललं होतं बिचाऱ्यांचं. क्षणभर वाटलं, घ्यावं तेच. पण मग मी शांतपणे विचार केला. मी साठ वर्षांची. हात-डोळे साथ देतील तोवर, म्हणजे अजून आठ-दहा वर्षं, मला गाडी चालवायची आहे. मधेच पुन्हा अडकायला लागलं आणि पुन्हा मी “मले काम आहे” म्हणून उठले, तर काय करायचं? टिकाऊ वस्तू घेण्यात काही पाप नाही. टिकावी म्हणून ती न वापरण्यात आहे.

“सोळावालं दे,” मी मुकेशला म्हटलं. “चित्र जरा कमी चकचकीत ठेवीन. पण खोकं इथंच फोड, इथंच बसव. घरी खोकं नेणार नाई मी.”

“खोकं तं न्या काकू, वॉरंटीले लागते.”

“यायच्या हातात दे मग. तारीख पाह्यतीन आता.”

मुकेश हसला. प्रेमदासही हसले, जरासे. त्यांनी सील फुटल्या फुटल्या आतला कागद मागून घेतला आणि तिथेच उभ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

संध्याकाळी सहाच्या सुमारास सगळं जागच्या जागी लागलं. मी एकटीने डोंगरातला रस्ता लावून बघितला. दहा मिनिटं चालवलं. एकदाही अडकलं नाही. ढग, बोगदे, खाली खोल दरीत निळं पाणी. मग मी अंकितला फोन लावला. बुधवार होता. बुधवारी मी त्याला कधी फोन करत नाही, म्हणून त्याने घाबरूनच उचलला.

“काय झालं आई? बाबा बरे हायेत न?”

“बरे हायेत. अरे, तू पाठवलेलं कार्ड मले भेटलं.”

“कोणतं कार्ड?”

“वाढदिवसाचं. एकवीस सालचं.”

“भेटलं म्हणजे? कधी?”

“काल.”

“काल?”

मी बोलणार तेवढ्यात प्रेमदासांनी हात पुढे केला. मी फोन दिला. ते उभे राहिले, साहेबासमोर राहावं तसे. “अंकित, बाबा बोलून राह्यलो. कार्ड मी कपाटात ठेवलं होतं. बसवलं नाई. तुह्या आईले सांगतलंही नाई. ती जुन्यावरच खेळत होती, म्हणून अडकत होतं. तिले काईच माहीत नव्हतं. चूक माही आहे.” एवढं बोलून त्यांनी फोन मला परत दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. या माणसाने आयुष्यात कोणाजवळ ‘चूक माही’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

“आई,” अंकित म्हणाला. “मले वाटलं, तुले माह्यासंग खेळाचा कंटाळा आला. तू माह्या मनासाठी बसते, असं वाटलं मले. म्हणून मी म्हणणं सोडलं.”

“आणि मले वाटलं तुले कंटाळा आला. म्हातारीची वाट पाहून.”

“पागल आहे का तू?” तो रडत होता की हसत होता, कळेना. मीही तशीच होते.

“जाऊ दे,” मी म्हटलं. “आता सोळा जीबीचं बसवलं. डोंगराचे रस्ते चालतात. काढ तुही गाडी.”

तो गप्प झाला. मला ती शांतता आवडली नाही. डॉक्टर रिपोर्ट वाचून वर बघतात, त्याआधी असते तशी होती.

“आई, मी मशीन विकली.”

“कधी?”

“मागच्या दिवाळीनंतर. घरी आलो तं तुह्या कॉम्प्युटरवर झाकण दिसलं. म्हटलं, आता कोणासंग खेळू? परत आलो आणि विकून टाकली.”

मी मांडीवरचा हात बघत राहिले. मागच्या दिवाळीनंतर. म्हणजे मी व्हिडिओ बघत होते तेव्हा. मशीन आधी नीट करू, मग विचारू, असं म्हणत मी आठ महिने जो प्रश्न पोटात धरून बसले होते, तो दिवाळीच्या जेवणावर विचारला असता तर? “अंकित, येशील का रे माझ्यासोबत?” पाच शब्द. त्याला सील नव्हतं, त्याला पैसे पडत नव्हते. खिडकीपाशी उभ्या माणसावर मी काल अख्खा मोहल्ला ऐकेल असं ओरडले होते, आणि मी तरी दुसरं काय केलं होतं? चांगली वेळ येईल तेव्हा काढू म्हणून ठेवून दिलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

“पुढच्या वर्षी घेतो न आई,” अंकित घाईने म्हणाला. “बोनस आला की चांगली घेतो, टिकन अशी. नाई तं असं करू, रविवारी मित्राची मागून पाहातो, दोन-चार आठवड्यांत...”

“नाई,” मी म्हटलं.

“काय नाई?”

“पुढच्या वर्षी नाई आणि रविवारी नाई. फोनमधी व्हिडिओ चालू कर.”

“आता? मी ऑफिसातून निघून राह्यलो आई, बसमधी बसतो...”

“मग बसमधी बस. मी चालवते, तू बाजूले बस. रस्ता सांग.”

फोन मी दोन डब्यांना टेकवून पडद्यासमोर उभा केला. त्यात अंकितचं तोंड, मागे बसची खिडकी, हैदराबादची गर्दी. मी ट्रक सुरू केला. नेहमी तो पुढे असायचा आणि मी मागे. आज पुढे कोणी नव्हतं. बोगद्यातून बाहेर आले आणि तो दरीकडे बघून म्हणाला, “वा!”  मग तो आपणहून बोलायला लागला. “आई, तुले एक सांगायचं होतं. ऑफिसात एक मुलगी आहे. मंजुषा म्हणून. आपल्याकडच्याच सिंदीची आहे.”

मी रस्त्यावरची नजर काढली नाही. पण डोळे असे भरून आले की समोरचं वळण दिसलंच नाही, आणि चाळीस टनांचा ट्रक कठडा तोडून दरीत.

“आई! ब्रेक! ब्रेक!” अंकित ओरडला. बसमधली माणसं वळून बघताना मला फोनमध्ये दिसली.

प्रेमदास खिडकीपासून धावत आले. उलटा पडलेला ट्रक त्यांनी वाकून नीट बघितला आणि विचारलं, “आतला माल फुटला का?”

अंकित हसायला लागला. दोन वर्षांत मी त्याचं हसणं ऐकलं नव्हतं, फोनवर माणूस तोंडदेखलं हसतो तेवढंच. तो असा हसला की त्याच्या हातून फोन निसटला आणि मला बसचं छत दिसू लागलं. मी पदराने डोळे पुसले.

“आई,” छतातून त्याचा आवाज आला, “परत रस्त्यावर घे. पहिला गिअर टाक. आणि मंजुषाचं पुरं ऐकून घे पहिले, मंग रड.”

“सांग,” मी म्हटलं, आणि गाडी काढली.